नव्या संगणकावर जुनी विंडोज: परवाना आणि कायदा काय सांगतात

नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज ११ काढून त्यावर विंडोज १० किंवा त्याहूनही जुनी विंडोज ७ टाकण्याची वेळ अनेकांवर येते आणि ती बहुधा हौसेपोटी आलेली नसते. एखाद्या छापखान्यात श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि तिच्या फॉन्टमध्ये पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमवर जुळवलेली शेकडो पाने असतात. भोसरी किंवा सातपूरच्या कारखान्यातले यंत्र संगणकाशी ज्या प्रोग्रॅमने बोलते तो प्रोग्रॅम पुरवणारी कंपनीच बंद झालेली असते. एखाद्या व्यापाऱ्याचा पंचवीस वर्षांचा हिशेब डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये असतो. जुना संगणक बंद पडला की ही मंडळी नवा घेतात आणि दुरुस्ती करणारा माणूस सहज सांगतो, "फॉरमॅट मारून जुनी विंडोज टाकून देतो." जुनी विंडोज टाकता येईल का, हा तांत्रिक प्रश्न झाला. ती टाकण्याचा आपल्याला हक्क आहे का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बव्हंशी संगणक विकत घेताना, बिल फाडले जाते त्याच क्षणी ठरून गेलेले असते.

विंडोज आपण विकत घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या करारात, हे सॉफ्टवेअर परवान्याने वापरायला दिले आहे, विकलेले नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. भाड्याच्या घराची किल्ली हातात असली तरी त्या घरात काय करता येईल हे जसे भाडेकरार ठरवतो, तसेच इथेही आहे: जुनी सीडी कपाटात असणे किंवा कुठूनतरी पंचवीस अक्षरी की (विंडोज टाकताना द्यायचा सांकेतिक क्रमांक) मिळणे म्हणजे वापरण्याचा हक्क मिळणे नव्हे.

हा हक्क प्रामुख्याने तीन प्रकारांनी मिळतो. संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला परवाना तो ओईएम. तो त्या एका यंत्राशी बांधलेला असतो आणि यंत्राबरोबरच संपतो. म्हणून बंद पडलेल्या संगणकाच्या खोक्यावरचे विंडोज ७ चे स्टिकर पाहून ती की नव्या संगणकावर वापरणे, हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार परवान्यात बसत नाही. दुकानातून किंवा ऑनलाइन स्वतंत्रपणे घेतलेला परवाना तो रिटेल. तो जुन्या यंत्रावरून काढून आपल्याच नव्या यंत्रावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. आणि संस्था अनेक संगणकांसाठी एकत्र करार करते तो व्हॉल्यूम परवाना. तिन्हींत जुन्या आवृत्तीकडे जाण्याचे नियम निरनिराळे आहेत. लोकांचा गोंधळ होतो तो मुख्यतः एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

ओईएम परवान्यातल्या ज्या कलमाला आपण डाउनग्रेडचा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर जाण्याचा, हक्क म्हणतो, ते कलम लहान आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला आहे. ज्या यंत्रावर उत्पादकाने विंडोजची प्रोफेशनल आवृत्ती आधीपासून घालून दिली आहे, त्या यंत्राच्या मालकाला तिच्याऐवजी ठरावीक जुनी प्रोफेशनल आवृत्ती वापरता येते, तेही मायक्रोसॉफ्ट त्या जुन्या आवृत्तीला सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट आणि साहाय्य, देत असेल तोपर्यंतच. विंडोज १० प्रोच्या करारात अशा आवृत्त्या दोन होत्या, विंडोज ८.१ प्रो आणि विंडोज ७ प्रोफेशनल; विंडोज ११ प्रोच्या बाबतीत ती विंडोज १० प्रो आहे.

या कलमातून चार गोष्टी निघतात. पहिली, होम आवृत्तीला हा हक्क मुळीच नाही आणि आपल्याकडे घरगुती वापरासाठी विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप होम आवृत्तीचेच असतात. दुसरी, कलमात "आधीपासून घातलेली" असे म्हटले असल्यामुळे होम आवृत्तीचा लॅपटॉप घेऊन नंतर पैसे भरून प्रो करून घेतली तर प्रोच्या सोयी मिळतात, पण जुन्या आवृत्तीकडे जाण्याचा ओईएम हक्क त्यामागून चालत येत नाही. तिसरी, जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीच्या ऐवजी वापरायची आहे, तिच्या जोडीला नव्हे. एकाच परवान्यावर एका पार्टिशनमध्ये विंडोज १० आणि दुसऱ्यात विंडोज ११ ठेवणे त्यात बसत नाही. चौथी, जुनी आवृत्ती पुरवण्याचे बंधन उत्पादकावरही नाही आणि मायक्रोसॉफ्टवरही नाही. ती ग्राहकाने स्वतः मिळवायची आणि त्यासाठी खर्च आला तर तो सोसायचा. याच्या बदल्यात एक सवलत मात्र कायम राहते: आपण कधीही मूळ आवृत्तीवर परत येऊ शकतो, कारण मूळ परवाना आपलाच असतो.

हा हक्क सामान्य ग्राहकांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला तो व्हिस्टाच्या काळात. २००७च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आली तेव्हा २००१ पासून स्थिरावलेली एक्सपी सोडायला कार्यालये तयार नव्हती. व्हिस्टा बिझनेस आणि व्हिस्टा अल्टिमेट या दोन आवृत्त्यांच्या ओईएम परवान्यात एक्सपी प्रोफेशनलकडे जाण्याची मुभा होती आणि ३० जून २००८ रोजी मोठ्या उत्पादकांना एक्सपी थेट विकण्याची मुदत संपल्यावरही याच कलमाच्या आधारे "परवाना व्हिस्टाचा, आत एक्सपी" असे संगणक विकले जात राहिले. स्वतः एक्सपी टाकणाऱ्याला जुन्या अस्सल सीडीची की वापरावी लागे, ती आधीच दुसऱ्या यंत्रावर वापरलेली असल्याने ती इंटरनेटवरून मान्य होणे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन होत नसे, मग मायक्रोसॉफ्टच्या केंद्राला दूरध्वनी करून आपल्याकडे व्हिस्टा बिझनेसचा परवाना आहे हे सांगावे लागे आणि पलीकडची व्यक्ती आकड्यांची एक लांबलचक मालिका वाचून दाखवे. पुढे विंडोज ७ प्रोफेशनल आली तेव्हा एक्सपीकडे जाण्याची मुभा सुरुवातीला अल्प मुदतीची होती. जुलै २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मोठ्या प्रमाणावर वाढवली. हा हक्क किती रुंद ठेवायचा हे कंपनी परिस्थिती पाहून ठरवत आली आहे, म्हणून दहा वर्षांपूर्वी कोणीतरी केलेली गोष्ट आजही चालेल असे गृहीत धरू नये.

आता सपोर्टच्या मुदतीकडे येऊ, कारण आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने सगळे घोडे तिथेच अडते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० साठी सुरक्षा अपडेट पुढेही मिळवून देणारी ईएसयू नावाची योजना आहे. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तर संस्थांना दरवर्षी पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येते. परंतु या योजनेत तांत्रिक साहाय्य मिळत नाही आणि तिच्यामुळे विंडोज १० ची सपोर्ट संपण्याची मूळ तारीख बदललेली नाही. त्यामुळे करारातले शब्द जसेच्या तसे वाचले तर आज विंडोज ११ प्रोचा नवा लॅपटॉप घेऊन केवळ त्या ओईएम कलमाच्या जोरावर विंडोज १० प्रो टाकण्याचा दरवाजा बंद झालेला आहे, असाच अर्थ निघतो. दुकानदार "प्रो आहे ना, मग चालते" असे सांगत असेल, तर तो मुदतीचा भाग सोडून अर्धेच कलम सांगत आहे.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. सपोर्ट संपणे म्हणजे परवाना संपणे नव्हे. ज्या यंत्रावर विंडोज ७ मुळातच परवान्यासह आली होती, त्या यंत्रावर ती आजही वापरणे बेकायदा नाही. धोक्याचे आहे, पण बेकायदा नाही. त्याचप्रमाणे ज्याच्याकडे विंडोज ७ किंवा विंडोज १० चा खरा रिटेल परवाना आहे आणि जुन्या यंत्रावरून ती काढून टाकलेली आहे, तो माणूस ती आपल्या नव्या यंत्रावर टाकू शकतो, कारण तो डाउनग्रेडच्या कलमावर विसंबून नसून स्वतंत्र परवाना वापरत असतो. सपोर्टची अट त्या एका कलमापुरती आहे. मात्र तोच रिटेल परवाना पूर्वी विंडोज ११ वर नेऊन दुसऱ्या संगणकावर वापरात असेल, तर तो मोकळा आहे असे धरता येत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२३ नंतर आपल्या संकेतस्थळावरून विंडोज १० ची विक्री थांबवली असल्याने असा परवाना बहुधा आधीपासून जवळ असलेल्यांच्याच उपयोगाचा आहे.

संस्थांची बाजू त्या मानाने भक्कम आहे. व्हॉल्यूम करारात परवान्याच्या आवृत्तीऐवजी आधीची आवृत्ती वापरण्याची मुभा असते, त्यासाठीच्या फाइल आणि की कराराच्या खात्यातूनच मिळतात आणि एकदा तयार केलेली डिस्कची पूर्ण नक्कल अनेक यंत्रांवर उतरवता येते. एवढेच पाहायचे की विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा अपग्रेडचा परवाना असतो. यंत्रावर पात्र अशी मूळ विंडोज, म्हणजे साधारणतः प्रो, आधी असावी लागते. होम आवृत्तीचे स्वस्त लॅपटॉप घाऊक घेऊन त्यांवर व्हॉल्यूमची की चालवणाऱ्या शाळा आणि लहान कंपन्या नेमक्या इथेच चुकतात. यंत्राला जोडलेल्या नियंत्रक संगणकासाठी आणखी एक मार्ग आहे, ज्याची माहिती आपल्याकडे फार कमी जणांना असते: विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१. एकाच ठरावीक कामासाठी बसवलेल्या उपकरणांकरिता ती उत्पादकांमार्फत मिळते आणि तिला १३ जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. कारखान्यातले यंत्र आणखी काही वर्षे चालवायचे असेल तर यंत्र पुरवणाऱ्याकडे या आवृत्तीची चौकशी करणे, कुठलीतरी जुनी सीडी शोधत बसण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजेच परवाना, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. विंडोज ८ पासून मोठ्या उत्पादकांच्या संगणकांत परवान्याची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच (यंत्रात कायमच्या बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) साठवलेली असते. इन्स्टॉलेशन सुरू होताच ती वाचली जाते, म्हणून पुष्कळदा आवृत्ती विचारलीही जात नाही आणि की टाकावीही लागत नाही. विंडोज १० आणि ११ यांच्या बाबतीत ही प्रक्रिया इतकी सुरळीत होते की जुनी आवृत्ती टाकल्यावर "विंडोज इज अ‍ॅक्टिव्हेटेड" अशी ओळ दिसू शकते. ती ओळ एवढेच सांगते की सर्व्हरने की स्वीकारली. तुमच्या करारातल्या अटी तपासण्याचे काम ती करत नाही. काहीशे रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या की हे याचेच दुसरे टोक आहे: त्यांतल्या अनेक एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर पडलेल्या असतात, काही दिवस चालतात, मग ब्लॉक होतात आणि चालत असतानाही खरेदीदाराच्या नावावर कोणताच परवाना नसतो.

भारतीय कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ खाली साहित्यकृतीत मोडतो. या अधिनियमाच्या कलम ६३ब प्रमाणे प्रोग्रॅमची प्रताधिकारभंग करणारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापार-व्यवसायात झालेला नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कारावास टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. म्हणजे घरचा संगणक आणि दुकानातला संगणक यांच्याकडे कायदा एकाच नजरेने पाहत नाही. छापखाना, कारखाना किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय असेल, तर परवान्याची कागदपत्रे आयकराच्या कागदांइतक्याच काळजीने जपावीत असे मला मनापासून वाटते, कारण तपासणीच्या वेळी दुरुस्तीवाल्याचे तोंडी आश्वासन कोणी विचारात घेत नाही.

परवाना असूनही यंत्रच नकार देईल, ही शक्यता नव्या हार्डवेअरवर बरीच मोठी आहे. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की इंटेलच्या सातव्या पिढीपासूनचे प्रोसेसर केवळ विंडोज १० आणि पुढच्या आवृत्त्यांवरच सपोर्ट केले जातील, आणि २०१७ मध्ये अशा प्रोसेसरवर विंडोज ७ व ८.१ चालवणाऱ्यांना अपडेट मिळणेच थांबवले. त्याच्याही आधी एक अडथळा येतो. विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. नव्या लॅपटॉपवर सगळे पोर्ट याच प्रकारच्या नियंत्रकावर असतात, त्यामुळे इन्स्टॉलेशनची पहिली खिडकी व्यवस्थित उघडते, भाषा निवडण्याची सूचना समोर दिसते आणि जोडलेला माउस व कीबोर्ड दोन्ही निपचित पडलेले असतात. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची वेगवान डिस्क, विंडोज ७ ला ओळखता येत नाही आणि सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर विंडोज ७ सुरूच होत नाही. विंडोज १० टाकताना अडचणी कमी येतात, तरी इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असल्यामुळे इन्स्टॉलेशनमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" मधून दिला की डिस्क दिसू लागते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या कोपायलट प्लस लॅपटॉपवर मात्र इंटेलसाठीची जुनी विंडोज चालण्याचा प्रश्नच येत नाही.

डॉसवरच्या हिशेबाची गोष्ट यातून आणखी अवघड होते. सोळा बिटचे प्रोग्रॅम फक्त बत्तीस बिटच्या विंडोजवर चालतात, चौसष्ट बिटच्या नाही. विंडोज ११ ची बत्तीस बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची आहे, पण नव्या संगणकांच्या चौसष्ट बिट यूईएफआय फर्मवेअरवरून ती सुरू होत नाही. त्यासाठी लागणारी जुन्या बायोसची सुसंगती बहुतेक नव्या संगणकांतून निघून गेली आहे. छापखान्यातल्या डोंगलचेही (प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी चावीवजा वस्तू) असेच असते: प्रोग्रॅम चालतो, परंतु डोंगलचा ड्रायव्हर बत्तीस बिटचा असल्याने चौसष्ट बिट विंडोज तो घेत नाही आणि प्रोग्रॅम आपली प्रत परवान्याची नाही असे समजून बंद होतो. अशा वेळी आपल्याला विंडोज जुनी हवी आहे की फक्त ड्रायव्हर नवा हवा आहे, याचा शोध आधी घ्यावा. कित्येकदा डोंगलचा चिप बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर चौसष्ट बिटचा ड्रायव्हर मिळतो आणि मग विंडोज बदलण्याचे कारणच उरत नाही.

तसे न जमल्यास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत सॉफ्टवेअरनेच चालवलेला दुसरा संगणक, हा मार्ग आहे. विंडोज ११ प्रोमध्ये हायपर-व्ही अंगभूत आहे, होममध्ये नाही. इतर कंपन्यांची अशी सॉफ्टवेअरे होमवरही चालतात. परवान्याचा नियम इथेही सुटत नाही: आतल्या विंडोजसाठी स्वतंत्र परवाना लागतो. विंडोज ७ प्रोफेशनलबरोबर एक्सपी मोड नावाने परवान्यासकट एक्सपी फुकट मिळत असे; ती सोय पुढच्या आवृत्त्यांत राहिली नाही. जुना रिटेल परवाना जवळ असेल तर तो इथे उत्तम कामी येतो. शुद्ध डॉसच्या प्रोग्रॅमसाठी मात्र डॉसबॉक्ससारखी मुक्त सॉफ्टवेअरे पुरतात, त्यांत विंडोजचा परवाना लागत नाही. फॉक्सप्रोचा स्वतःचा परवाना अर्थातच आपल्याकडे असावा लागतो.

एक वेगळा प्रसंग थोडक्यात सांगतो. विंडोज १० असलेला आपलाच संगणक विंडोज ११ वर अपग्रेड केला आणि ती आवडली नाही, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधील सिस्टिम, मग रिकव्हरी या पानावरून "गो बॅक" करता येते. हे पूर्णपणे कायदेशीर आहे, कारण मूळ परवाना विंडोज १० चाच होता. डिस्क साफ करताना विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर पुसले गेले असेल तर ही सोय दहा दिवसांच्या आतही जाते. दुकानातून विंडोज ११ सह आलेल्या नव्या यंत्राला ही सोय मुळातच नसते. मॅकच्या बाबतीत नियम सोपा पण कठोर आहे: यंत्र ज्या मॅकओएससह बाजारात आले, त्याच्याही मागच्या आवृत्तीवर ते जात नाही.

ज्यांच्याकडे योग्य परवाना आहे, त्यांनी मूळ विंडोज पुसण्याआधी रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवावा, म्हणजे विक्रीच्या किंवा वॉरंटीच्या वेळी मूळ स्थितीत परतता येईल. नव्या लॅपटॉपवर डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली (सांकेतिक कुलपात बंद) असते, म्हणून बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. फर्मवेअरमध्ये बदल केला की तीच मागितली जाते. उत्पादकाच्या पानावर आपल्या नेमक्या मॉडेलसाठी जुन्या आवृत्तीचे ड्रायव्हर आहेत का, हे खरेदीआधीच पाहावे आणि निदान नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, नाहीतर बाकीचे ड्रायव्हर आणायला इंटरनेटच नसते. बिलावर नुसते "लॅपटॉप विथ विंडोज" न लिहिता आवृत्तीचे पूर्ण नाव आणि ती कारखान्यातून घातलेली आहे हे लिहून घ्यावे, रिटेल परवान्याचे खोके, की आणि खरेदीची पावती एकत्र ठेवावी, आणि सपोर्ट संपलेली विंडोज ज्या यंत्रावर चालवायची आहे ते यंत्र इंटरनेटपासून तोडून, फाइलींची ने-आण तपासलेल्या एकाच पेन ड्राइव्हने करावी.